तळ्याच्या रानातून माळाकडे

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातली मंडळी कुठं कुठं जातात. कुणी गोव्याला, कुणी मुलीच्या सासरी, कुणी घरीच बसून पेपर तपासतं. मी नातेपुत्याच्या पुढच्या एका गावात गेले. एसटी सोडून बरंच चालल्यावर ते गाव लागतं. सोबत नान्ना होते, म्हणजे माझे वडील. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथलं प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही आणि नाव छापलं तर त्रास मला व्हायचा नाही, तिथं राहणाऱ्यांना होईल. बाकी घडलं ते जसंच्या तसं सांगते. परत आल्यापासून "तुला काय करायचं होतं तिथं जाऊन?" हा प्रश्न इतक्या तोंडांनी विचारला गेलाय, की एकदाच सगळ्यांना उत्तर देऊन टाकावं म्हणते.

सोलापूर

मी भूशास्त्र शिकवते. आमचं घर विणकरांच्या पेठेत आहे. बोलणं घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. नान्नांची हयात मागावर गेली आणि आता ते निवृत्त आहेत, म्हणजे दुसऱ्यांच्या मागांवर टीका करत हिंडतात. आमच्या गल्लीची एक बाजू मुरमावर आहे. दुसरी बाजू जुना नाला बुजवून केलेल्या भरावावर आहे, आणि मधोमध यंत्रमागांचा एक कारखाना. माग सुरू झाले की भरावावरच्या घरांत फळीवरची भांडी किणकिणायला लागतात. आमच्याकडं नुसता आवाज येतो, भांडं हलत नाही. कारखाना एकच, अंतर सारखं, आणि तरी हा फरक. लहानपणी मला वाटायचं, त्यांची भांडी पातळ पत्र्याची असतील. पुढं शिकले तेव्हा कळलं, दोष भांड्यांचा नव्हता.

कमल माझी कॉलेजातली मैत्रीण. ती आता तिच्याच गावी प्राथमिक शाळेत शिकवते. तिचे लोक बौद्ध, वस्ती ओढ्याकाठी. कोयनेच्या भूकंपात त्यांच्या वस्तीतल्या भिंती पडल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. दिवाळीआधी ती सोलापूरला आली आणि आमच्या ओट्यावर बसून म्हणाली, "आम्हाला घरांसाठी जागा मंजूर झाली. पण पंचायत देतेय ती जुन्या तळ्यातली. गाळानं भरलेलं तळं. मला एक सांग, हादरा बसला की जमीन बघून बसतो का?"

"हादरा बघत नाही. पण जमीन त्याला आपल्या परीनं उत्तर देते."

"मग हे गावात येऊन सांग. माझं कोण ऐकतंय?"

मी आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं. एवढ्यासाठीच, की नंतर कुणी चोरून गेली म्हणू नये. ते म्हणाले, "अहो, हा दख्खनचा कातळ आहे. इथं भूकंप होत नाहीत." कोयनेनंतरसुद्धा हे वाक्य म्हणणारी माणसं आहेत, आणि ती शिकवतात. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि त्या लोकांच्या भानगडीत कॉलेजचं नाव कुठं घेऊ नका."

"नाही घेणार सर. माझं घेईन."

नान्नांना हे कळलं. दुसऱ्या दिवशी आपली पिशवी भरून दारात उभे. पिशवीत एक धोतर, चिंचेचा गोळा आणि एक सोलापुरी चादर.

"चिंच कशाला नान्ना?"

"तिकडं आंबट कुणी खात नाही, बिड्डा. माणसानं आपली सोय बघावी."

नातेपुते

एसटीच्या प्रवासाचं काय सांगायचं? धूळ सगळ्यांनी खाल्लेली आहे. नातेपुत्यात उतरलो तो बाजाराचा दिवस होता. बैल, मिरच्या, बांगड्या, नांगराचे फाळ, सगळं एकाच गलक्यात. नान्ना थेट चादरीवाल्यापुढं जाऊन बसले. एक चादर उचलून त्यांनी उन्हात धरली, बोटांनी चाचपली आणि विचारलं, "ही कुठली?"

"सोलापुरी हाय की, बाबा. अस्सल."

"सोलापूरचा मी. ही नाही."

दुकानदार भडकला. नान्ना त्याहून भडकले. मी ओढून आणेपर्यंत चार बघे जमून दोघांना चढवत होते. सोलापुरात असल्या भांडणाचा शेवट चहानं होतो. इथं तो उसाच्या रसानं झाला, आणि तोही त्या दुकानदारानंच पाजला. पाजताना म्हणाला, "खरं सांगू का बाबा, मला बी ठावं न्हवतं. आमी इकत घेतो तसं इकतो."

खानावळीत जेवलो. आमच्याकडं शेंगदाण्याची चटणी कोरडी, कुटून, तेल सुटेपर्यंत. इथं ती दह्यात कालवून समोर आली. नान्नांनी ती बाजूला सारली आणि चिंचेचा गोळा बाहेर काढला. वाढणारा माणूस त्या गोळ्याकडं आणि आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला.

तिथून पुढं कालव्याच्या कडेनं चालत निघालो. एका अंगाला ऊस, काळी जमीन, पाऊल ठेवलं की दबणारी. दुसऱ्या अंगाला तांबूस माळ, कुसळं, बाभळी आणि मधूनच उघडा पडलेला कातळ. दोन्ही एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. जिथं पाणी पोचलं तिथं हिरवं आणि श्रीमंत, जिथं नाही तिथं बोडकं. शेतकऱ्याला विचाराल तर तो काळीवर जीव टाकेल, आणि बरोबरच आहे. पीक काळीतच येतं. पण घर म्हणजे पीक नव्हे, हेच सांगायला मी चालले होते.

ओढ्याकाठची वस्ती

कमलची आई, भागूबाई, दारात काठी टेकून उभी होती. उंच, काटकुळी, आवाज मात्र भरदार. त्या भूकंपात तिच्या पायावर भिंत पडली, तेव्हापासून ती एका पायानं लंगडते. नान्नांनी पिशवी खाली ठेवली आणि आधी पाणी मागितलं. तिनं तांब्या पुढं केला. ते घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "गोड आहे पाणी."

"ओढ्याचं हाय. गावाची हीर हाय वर, पर ती गावाची," भागूबाई म्हणाली. एवढ्यात सगळं कळलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि भाजलेल्या बोंबलाचा ठेचा होता. नान्नांनी चिंच काढली नाही. माडग्याची दुसरी वाटी मागून घेतली. मला तिखटानं ठसका लागला आणि सगळी वस्ती हसली. ओळख करून घेण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमल आणि मी विचारपूस करायला निघालो. माझा प्रश्न सोपा होता. "कोयनेचा हादरा बसला त्या पहाटे तुमची उतरंड पडली का?" मडक्यांवर मडकी रचलेली उतरंड घरोघर असते आणि ती पडल्याचं बाई कधी विसरत नाही. किती वाजले, किती वेळ हललं, हे सगळं माणसं चुकीचं सांगतात. फुटलेलं मडकं मात्र बरोबर सांगतात.

ओढ्याकाठी एकही उतरंड उभी राहिली नव्हती. "जमीन पान्यावानी आली न् गेली," एक बाई हात हलवून म्हणाली. "मी उभी ऱ्हाते म्हनलं तर उभीच ऱ्हाता येईना." भागूबाईनं पडलेल्या भिंतीची जागा दाखवली. तिथं आता कुडाचा आडोसा होता.

मग वर गावात गेलो. गाव मुरमाच्या चढावर वसलेलं. तिथल्या एका घरातली म्हातारी तोंड वाकडं करून म्हणाली, "उतरंड? छ्या! फळी वाजली. मांजर पळालं. मला वाटलं मांजरानंच काय पाडलं." आणखी वर, माळावर, मेंढरांचा वाडा घालून राहणारं धनगराचं एक कुटुंब होतं. तिथल्या गड्याला नीट आठवेना. "कुत्री भुकली म्हनून उठलो," तो म्हणाला. "मग परत झोपलो."

तिन्ही जागा अशा, की खालून दिलेली हाक वर ऐकू यावी. हादरा तर कितीतरी दूरवरून आलेला. तो सगळ्यांना सारखाच पोचला असणार. फरक फक्त पायाखाली होता.

संध्याकाळी वस्तीतल्या बायकांना मी समजावून सांगितलं, तेव्हा खरवसाचं उदाहरण दिलं. खरवसाचं पातेलं नुसतं टिचकीनं हलवा. पातेलं हललेलं दिसतही नाही, आत खरवस मात्र थुलथुल करत राहतो. कातळ म्हणजे पातेलं. हादरा कातळातून झपाट्यानं जातो, थोडका हलवून पुढं निघतो. तोच मऊ, ओल्या, खोल मातीत शिरला की त्याची चाल मंदावते आणि हेलकावा वाढतो. वरून खाली, खालून वर, माती त्याला सोडतच नाही. आपण ज्यावर घर बांधतो तो खरवस की पातेलं, एवढंच बघायचं.

"आन् तळ्यातलं रान?" भागूबाईनं विचारलं.

"ते उद्या बघू."

तळ्याचं रान

बघायला फार वेळ लागला नाही. नान्ना माझ्यापुढं चालत होते. वरून जमीन सुकलेली, भेगाळलेली, चांगली टणक दिसत होती. ते मधोमध गेले आणि त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. उजवा पाय टेकून ओढायला गेले तर तोही गेला. कालव्याचं पाणी झिरपून खालचा गाळ बारमाही ओला होता आणि वर नुसती साय धरली होती. नान्ना तेलुगूत जे बोलले ते लिहिता येण्यासारखं नाही. शेवटी वस्तीतल्या दोन दणकट बायकांनी त्यांना काखेत धरून उपसलं. पाय आले, एक चप्पल तिथंच राहिली. आम्ही काठीनं धुंडाळली, सापडली नाही.

आम्ही हसून हसून बेजार झालो असतानाच फटफटी वाजली. सरपंच आले होते. मागच्या सीटवर बांधकाम खात्याचे ओव्हरसियर. सरपंच पांढरेशुभ्र, गोड बोलणारे.

"बाई, तुमी कालेजात शिकवता म्हनं. लई आनंद झाला. पर उतरलाय कुटं? वस्तीत?" ते नान्नांच्या चिखलाळलेल्या पायांकडं बघत म्हणाले. "आमच्या वाड्यावर यायचं की."

"उतरलोय आणि जेवलोयही तिथंच," नान्ना म्हणाले. "माडगं फक्कड करतात."

सरपंचांचं हसू थोडं आखडलं. मी सरळ मुद्द्यावर आले. ही जागा घरांसाठी धोक्याची आहे, माळाची द्यावी, असं म्हटलं. ओव्हरसियरांनी घसा साफ केला. "मॅडम, पाया खोल घेतला की झालं. आणि सोलापूर जिल्हा सेफ आहे. टेबलावर बसल्यासारखा."

"तुमचा पाया किती खोल? खाली हात घालून बघितलंत?" मी विचारलं. "माझ्या वडिलांना गुडघ्यापर्यंत कातळ लागला नाही. आणि भूकंप जिल्हा विचारून येत नाही. इथं भिंत पडून पाय मोडलेली बाई तुमच्यासमोर उभी आहे."

ते भागूबाईकडं न बघता फटफटीच्या आरशात बघत राहिले.

सरपंच मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बगा, माळ रस्त्याला लागून हाय. तितं उद्या जनावरांचा बाजार भरवायचाय. आनि दुसरी गोष्ट..." ते थांबले. "माळ गावाच्या वर हाय. गावाच्या डोक्यावर वस्ती बसवायची म्हंजे लोक ऐकत्याल का? तुमी शानी मानसं, समजून घ्या. नोकरीवाल्या हाय. तुमच्या सायबास्नी कोन कळवील, मग उगी तुमाला तरास."

"कोण कशाला? तुम्हीच कळवा," मी म्हटलं. "आणि हेही कळवा की माळ न देण्याचं कारण तुम्ही बाजार सांगितलंत, आणि मग खरं कारण सांगितलंत."

 

सभा

दुपारी चावडीपुढं ग्रामसभा होती. मी बोलण्याऐवजी दाखवायचं ठरवलं. कमलनं दोन सारख्या पराती मिळवल्या. दोन्हींत काठोकाठ पाणी. एक दगड निवडला, तो उचलायला दोन माणसं लागावीत असा. आधी माळावर, मग तळ्यात, तोच दगड तेवढ्याच उंचीवरून टाकायचा, परात तेवढ्याच अंतरावर ठेवायची. गावातले निम्मे लोक करमणूक म्हणून मागं आले. दगड उचलायला दुष्काळात खडी फोडलेल्या बायका पुढं झाल्या, त्यांना असले दगड म्हणजे रोजचे.

माळावर पहिलाच प्रयत्न फसला. वाऱ्यानं पाणी आपणहून हलत होतं. लोक हसायला लागले. सरपंच मोठ्यानं म्हणाले, "बगा, हितं तर भूकंप चालूच हाय!" क्षणभर मला वाटलं, जमीन फाटावी आणि आत जावं. तेवढ्यात नान्नांनी पिशवीतली चादर काढली, परातीच्या बाजूनं आडवी धरली आणि म्हणाले, "धरा रे कुणीतरी दुसरं टोक." भागूबाईनं धरलं. उरलेल्या बाजूंना बायका पदर पसरून उभ्या राहिल्या. वारा अडला. पाणी आरशासारखं झालं.

दगड टाकला. ठण्णकन आवाज आला. पाण्यावर बारीक शहारा उठला आणि विरला.

मग सगळी वरात खाली तळ्याच्या रानात आली. पुन्हा चादर, पुन्हा पदर, पाणी स्तब्ध. दगड पडला. आवाज असा काही आलाच नाही, नुसता धप्प. आणि परातीतलं पाणी एका काठावर चढलं, परतलं, दुसऱ्या काठावरून सांडलं, आणि डुलतच राहिलं. पायाच्या तळव्यांना हलल्यासारखं वाटलं. मला एकटीला नाही, कारण पुढं उभा असलेला एक फेटेवाला दोन पावलं मागं सरला.

कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "दगड टाकणं म्हणजे भूकंप नव्हे. भूकंप याहून फार मोठा असतो, आणि तो किती असेल हे मला सांगता येत नाही. माळावर घर बांधलं म्हणजे अभय मिळालं, असंही मी म्हणत नाही. पण एकच धक्का दोन ठिकाणी कसा वागतो, ते तुम्ही बघितलंत. आता यात कुणाची मुलं झोपवायची, ते ठरवा."

फेटेवाला म्हणाला, "बाई म्हनत्यात त्यात तथ्य हाय." दुसरा एक काहीतरी पुटपुटला. सरपंचांनी हात वर केला. "ताटात पानी हाललं म्हनून गाव हालवायचं का? ठराव झालाय. जागा तळ्यातलीच. सभा संपली."

आणि खरंच संपली. लोक पांगले. तेवढ्यात भागूबाई काठी आपटत सरपंचांपुढं जाऊन उभी राहिली.

"ठराव तुमच्या कागदावर ऱ्हाऊ द्या, सरपंच. चूल आमची हाय, ती कुटं मांडायची ते आमी ठरवू."

माळ

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ती माळावर चढली. कुणी मिरवणूक काढली नाही, घोषणा दिल्या नाहीत. बायकांनी डोक्यावर चुलीचे दगड, तवे, पिठाची गाडगी घेतली. पुरुषांनी बांबू आणि तरटं. वर पोचल्यावर प्रत्येक घरानं आपली चूल मांडली आणि पेटवली. धूर गावातून दिसत होता. दिसावा म्हणूनच पेटवल्या होत्या.

नान्ना उसन्या चपला घालून सुतळी आणि खुंट्या घेऊन कामाला लागले. घरांच्या ओळी त्यांनी आखल्या. ताण्याचे धागे सरळ लावण्यात जन्म गेलेला, त्यांना वाकडी ओळ सहनच होत नाही. दोन वेळा आखलेलं उपटून पुन्हा आखलं. मी भाकऱ्या थापल्या. माझ्या भाकरीकडं बघून एका बाईनं विचारलं, "हा नकाशा कंच्या देशाचा?"

बसल्या बसल्या मी एक गोष्ट सांगितली, जी सांगायला मला जड गेलं. आपल्या भागात माळवद घालतात. जाड मातीचं छप्पर, उन्हात गार, मायेचं. पण हादऱ्यात तेच डोक्यावर येतं. जमीन चांगली निवडली आणि वर ढीगभर माती चढवली, तर उपयोग काय? हे कुणाला आवडलं नाही. माळवदाचं घर म्हणजे घर, पत्र्याचं म्हणजे टपरी, असा हिशेब आमच्या सोलापुरातही आहे. "आता छप्पर बी तुमीच सांगनार व्हय?" एकानं विचारलं. मी पुढची भाकरी थापायला घेतली.

पोलीस पाटील येऊन उठायला सांगून गेले. कुणी उठलं नाही. दुपारी सरपंचांचा भाऊ चार माणसं घेऊन आला, एका चुलीला लाथ मारली. भागूबाईनं विस्तव हातातल्या पळीनं गोळा केला, दगड सरळ केले आणि त्याच्याकडं न बघता पुन्हा फुंकर घातली. तो उभा राहिला. अखेर गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तहसीलदारांची जीप आली. माणूस तरुण होता, थकलेला. त्यानं माळ बघितला, तळं बघितलं, तळ्यात स्वतःच्या बुटाची टाच दाबून बघितली. मग मला म्हणाला, "बाई, भूकंप येणार असं तुम्ही लिहून द्याल का? मग मला काही करता येईल."

"येणार असं कुणीच लिहून देऊ शकत नाही, साहेब. देईल तो खोटा. पण आला तर कुणाचं घर आधी पडेल, ते लिहून देते."

त्यानं खिशातून पेन काढलं. "सही कराल?"

"पूर्ण नावानं."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी सही केली. खाली कॉलेज लिहिलं नाही, पेठ लिहिली. सरपंच तिथंच उभे होते. त्यांनी विचारलं, "आन् गावाच्या डोक्यावर वस्ती बसनार, त्येचं काय?"

तहसीलदारांनी पेनाचं टोपण लावलं. "ही हरकत तुम्ही लेखी द्या. मी ती वर पाठवतो. शब्द न् शब्द."

सरपंचांनी लेखी काही दिलं नाही.

परत

सुट्टी संपायला आली आणि आम्ही निघालो. भागूबाईनं नान्नांच्या पिशवीत हुलगे भरले. नान्नांनी चादर तिथंच ठेवली. वस्ती अजून तरटाखालीच होती, निकाल काही लागलेला नव्हता. कालव्याच्या कडेनं चालताना नान्ना म्हणाले, "तुझ्या सायबाला काय सांगशील?"

"विचारतील ते."

त्यांनी विचारलं. सरपंचांचं पत्र आमच्याआधी पोचलं होतं. माझ्याकडून खुलासा मागितला गेला. मी दिला: गेले, बघितलं, बोलले, सही केली, पुन्हा गरज पडली तर पुन्हा जाईन. त्यानंतर मला वरच्या वर्गाचे तास मिळत नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलांना खडक आणि माती शिकवते. चांगली मुलं आहेत. त्यांना मी पहिल्याच तासाला विचारते, तुमचं घर कशावर उभं आहे? निम्म्यांना माहीत नसतं. दुसऱ्या तासाला सगळे बघून आलेले असतात.

संक्रांतीच्या सुमारास कमल आली. माळाची निम्मी जागा वस्तीच्या नावावर झाली होती, उरलेल्या निम्म्याचे कागद अडवून धरले होते. पाणी लांबून आणावं लागतं, कातळात विहीर फोडायला घेतलीय, पहार टेकली की ठिणग्या उडतात, असं ती सांगत होती. तळ्याच्या रानात सरपंचांनी ऊस लावलाय आणि तो चांगला आलाय. येणारच, ती जमीन त्यासाठीच आहे.

"आणि घरं?" मी विचारलं.

"पहिलं आईचं झालं. पत्र्याचं." कमल हसली. "गावातली माणसं येता-जाता चिडवतात तिला. म्हणतात, भागे, चैत्रात पापडावानी भाजशील."

"मग?"

"आई म्हणते, भाजले तर उठून भाईर बसंन. गाडले तर कशी उठू?"